कुठं बसून वाचलं, तेही सांगावं

अलीकडे वाचलेल्या पुस्तकांबद्दलची माझी मतं या पुस्तकात एकत्र केली आहेत. मी मराठीची प्राध्यापक नाही, कुठल्या मासिकात नेमानं परीक्षणं लिहीत नाही. करमाळ्यात आमचं औषधाचं दुकान आहे. दिवसाचा बराचसा वेळ मी तिथं असते आणि दुपारी गिऱ्हाईक पांगलं की पुस्तक उघडते. काही पुस्तकं फार आवडली, काही आवडली नाहीत, काही अर्ध्यावर ठेवली. वाचून झालं की जे वाटलं ते त्याच आठवड्यात वहीत उतरवायचं, अशी सवय लागली. पुढं ती वही हातोहात फिरू लागली. कुणी एखादं पान वाचून पुस्तक मागायला आलं, कुणी माझं मत पटलं नाही म्हणून भांडायला आलं. ही दोन्ही प्रकारची माणसं मला सारखीच मोलाची वाटतात, आणि त्यांच्यामुळेच हे छापायचं धाडस केलं.

साध्या वाचकाचं मत छापण्याइतकं महत्त्वाचं असतं का, हा प्रश्न रास्त आहे. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्यातले बहुतेक जण पुस्तक निवडतात ते असंच मत ऐकून. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर ते विकण्यासाठी लिहिलेला असतो. प्रकाशन समारंभातली भाषणं लेखकाच्या सन्मानासाठी असतात. पुरस्कारांच्या याद्या आपल्यापर्यंत नावं पोचवतात, पण पुस्तक आतून कसं आहे ते सांगत नाहीत. तीनचारशे रुपये मोजून कादंबरी घ्यायची की नाही, हे तालुक्याच्या गावातलं घर शेवटी ओळखीच्या वाचणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवतं. वाचलंस का? कसं आहे? मला आवडेल का? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणारी माणसं गावोगाव असतात. ती बोलतात, लिहीत नाहीत, आणि त्यांचं बोलणं त्या ओट्यावरच राहतं.

मराठीत पुस्तकांवर लिहिण्याची परंपरा काही लहान नाही. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’नं ग्रंथपरीक्षणाला मोठी जागा दिली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’नं मराठी ग्रंथांची झडती घेण्याचा दरारा निर्माण केला. पण तेव्हा बोलणारा विद्वान होता आणि वाचक समोर बसून ऐकत होता. १९६४ मध्ये केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ सुरू केलं तेव्हा पुस्तकं, लेखक आणि वाचक यांच्यासाठीच चालवलेलं मासिक घरात येऊ लागलं. १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणून, आणि पुस्तक कमी किमतीत दूरवर पोचवायचं तर वाचकाला सोबतीला घ्यावं लागतं, हे तिनं करून दाखवलं. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही पुस्तकं त्याच वाटेनं आली. तिकडं इंग्रजीत अठराव्या शतकात सॅम्युएल जॉन्सननं कवी ग्रेबद्दल लिहिताना सामान्य वाचकाच्या कौलाला मान दिला, आणि त्याच वाचकाचं नाव घेऊन व्हर्जिनिया वुल्फनं १९२५ साली आपला निबंधसंग्रह काढला. म्हणजे सामान्य वाचकाच्या बाजूनं मोठ्यांनी बोलून ठेवलेलं आहे. आपल्याकडं कमी आहे ते त्या वाचकानं स्वतः, स्वतःच्या जागेवरून लिहिलेलं.

या सगळ्या टिपणांमागं माझी एकच धारणा आहे. मत प्रामाणिक व्हायचं असेल, तर आपण कुठं बसून वाचलं तेही सांगायला हवं. आवडलं, नाही आवडलं, एवढ्यानं ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकच गोळी दोन माणसांना सारखी लागू पडत नाही. म्हणून चांगला डॉक्टर आधी वय विचारतो, दुसरं काही दुखणं आहे का ते विचारतो आणि मग चिठ्ठी लिहितो. पुस्तकाचंही तसंच आहे. वाचणाऱ्याचं वय, त्याचं गाव, त्याची शेती की नोकरी, त्या दिवसांत घरात काय चाललं होतं, या सगळ्याचा मतावर परिणाम होतो. तो लपवला की मत वरून निःपक्षपाती दिसतं, पण ऐकणाऱ्याला ते स्वतःशी ताडून बघता येत नाही. सांगितला, की माझ्या मताशी न जुळणाऱ्या माणसालाही त्याचा उपयोग होतो. ‘ही बाई दुकानात बसून वाचते, मी रानात राहतो, मग मला हे वेगळं वाटेल’ असा अंदाज त्याला बांधता येतो. यातलं प्रत्येक टिपण म्हणूनच पुस्तक कुठं आणि कुठल्या दिवसांत वाचलं, या एका ओळीनं सुरू होतं.

तर आता ही जागा. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात आहे. एकीकडं कर्जत-जामखेड, दुसरीकडं परांडा, खाली माढा आणि भीमेपलीकडं इंदापूर. मुंबई-सोलापूर लोहमार्ग गावातून जात नाही, गाडीसाठी जेऊरला जावं लागतं. गावाची ओळख देवीच्या माळावरच्या कमलाभवानीची आणि रावरंभा निंबाळकरांनी बांधलेल्या किल्ल्याची. देवळाचं काम अठराव्या शतकातलं, आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव बघायला लांबून लोक येतात. तालुक्याची जमीन दोन तऱ्हांची. भीमेकडच्या गावांत ऊस आणि केळी, बाकीच्या भागात आभाळाकडं डोळे लावून केलेली ज्वारी. या दोन करमाळ्यांत पुस्तकंही दोन तऱ्हांनी वाचली जातात, हे दुकानात बसून मी बघत आले आहे.

पुस्तकं इथं येतात ती बहुतेक पुण्याहून, शिकायला गेलेल्या मुलांच्या पिशवीतून. गावातल्या दुकानांत मिळतात ती शाळेची पुस्तकं, गाइडं आणि स्पर्धा परीक्षांचे संच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्यातून अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि अनुदानाची पद्धत आली आणि लहान लहान गावांतही वाचनालयाची पाटी लागली. त्याचं ऋण मोठं आहे. माझ्या पिढीतल्या अनेकींनी पहिली कादंबरी अशा वाचनालयातूनच आणली. आज तालुक्याच्या गावांतल्या अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात, आणि तिथं वाचणाऱ्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. मात्र शेजारच्या कादंबऱ्यांच्या कपाटाला महिनोन् महिने कुणी हात लावत नाही. परीक्षा होईपर्यंत कथा-कादंबरी वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असं त्या मुलांना वाटतं. त्यांच्यापैकी एकानं जरी यातलं एखादं टिपण वाचून ते कपाट उघडलं, तरी हे छापलेलं सार्थकी लागेल.

आता पुस्तकांकडं वळते. आमच्या तालुक्यातून आलेल्या दोन पुस्तकांपासून सुरुवात करणं मला भाग आहे, कारण आपल्याच भागावरचं पुस्तक वाचताना वाचकाच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते.

पहिलं किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. नेरले हे त्यांचं गाव आमच्याच तालुक्यातलं. १९९४ साली ‘ग्रंथाली’नं ते पुस्तक काढलं तेव्हा लेखक विशीतला तरुण होता आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेत होता. पुढं ते डॉक्टर झाले, आणि २००७ साली, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, अपघातात गेले. वडिलांच्या जागी आईचं नाव लावणारा हा माणूस. आई तमाशात नाचणारी, तिला शिकायचं होतं आणि शिकू दिलं गेलं नाही. मूल आजोबांच्या घरी मागं राहिलेलं. बाईच्या कमाईवर घरातले पुरुष बसून खातात, ही गोष्ट लेखक बाहेरच्या समाजाला जेवढ्या स्पष्टपणे ऐकवतो तेवढ्याच स्पष्टपणे स्वतःच्या घरालाही ऐकवतो. या पुस्तकाची ताकद मला तिथं वाटली. बालपणाचा भाग सगळ्यात सरस आहे. भूक, घरकाम, शाळेची ओढ आणि आईची वाट बघणं यांत एकही वाक्य सजवलेलं नाही. पुढचा, शिक्षणाच्या काळाचा भाग मला घाईचा वाटला. माणसं येतात आणि त्यांची ओळख पटायच्या आत जातात.

जवळच्या वाचकाची एक अडचणही मी त्या टिपणात लिहिली आहे. आम्ही इथले लोक हे पुस्तक वाचतो तेव्हा नजर गावांच्या नावांवर आणि ओळखीच्या खुणांवर जाते. बोलणं निघतं ते कोण कुठला याचंच. या नादात शांताबाईंचं शिकायचं राहून गेलेलं आयुष्य बाजूला पडतं. नेरले कुठं आहे हेही माहीत नसलेला लांबचा वाचक त्या बाईकडं सरळ बघू शकतो. जागा वाचकाला पुष्कळ देते तसं काही झाकूनही ठेवते, आणि म्हणूनच ती सांगून टाकलेली बरी.

दुसरं पुस्तक जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह. २०१६ मध्ये त्यांचा ‘सैराट’ हा चित्रपट आला, त्याचं बरंच चित्रण आमच्याच तालुक्यात झालेलं, आणि करमाळ्याचं नाव एका उन्हाळ्यात राज्यभर झालं. त्यानंतर हा संग्रह शोधणारे पुष्कळ झाले, पण त्यांतले बरेच कवितेत आर्ची आणि परश्या शोधत होते. ते तिथं नाहीत. तिथं आहे गर्दीत एकटा पडलेला एक तरुण, जात आणि गरिबी अंगावर वागवत प्रेमाकडं बघणारा. शब्द थोडे, कविता छोट्या. शेवटच्या ओळीत सगळं सांगून टाकणाऱ्या कविता मला दुसऱ्या वाचनात थोड्या फिक्या वाटल्या. ज्या थोडं हातचं राखतात त्या मात्र टिकल्या. पडद्यावरचा दिग्दर्शक विसरून हा संग्रह वाचावा, एवढंच माझं सांगणं आहे.

याच जिल्ह्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं १९८४ चं ‘अक्करमाशी’ मी ‘कोल्हाट्याचं पोर’च्या मागोमाग पुन्हा वाचलं. दोन्ही पुस्तकांत बापाच्या नावाचा प्रश्न आहे, आणि दोन्ही लेखकांनी तो भर चौकात विचारला आहे. एका जिल्ह्याच्या दोन टोकांवरून दहा वर्षांच्या अंतरानं तोच प्रश्न यावा, याचा विचार इथल्या प्रत्येक वाचकानं करायला हवा.

यानंतरचा भाग धरणाच्या पुस्तकांचा आहे, आणि तो मी मुद्दाम मोठा ठेवला आहे. माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवर धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये ते पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या धरणाखाली करमाळा आणि इंदापूरच्या भीमाकाठची कितीतरी गावं गेली. केत्तूर, वांगी, कुगाव ही नावं इथं आजही ‘जुनं’ आणि ‘नवं’ असं जोडूनच घेतली जातात. माझे चुलतसासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अशाच एका जुन्या गावातले. डोळ्यांनी आता वाचवत नाही, म्हणून विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची १९९१ ची कादंबरी ‘झाडाझडती’ मी त्यांना रोज संध्याकाळी थोडी थोडी वाचून दाखवली.

आबा गोष्ट म्हणून ऐकत नव्हते, ताळा घेत होते. जमीन, घरं, झाडं यांची मोजणी आली की मला थांबवायचे. विहीर बांधीव होती की नुसती खांदलेली, यावर पैसे कसे ठरायचे, लिंबाचं झाड कसं मोजलं, कुणाचं नाव धरणग्रस्तांच्या संकलनाच्या यादीत चुकलं आणि तेवढ्यावरून दाखला मिळायला किती हेलपाटे झाले, हे सगळं त्यांना पाठ. कादंबरीतल्या खैरमोडे गुरुजींचा भाग आला की ते सावरून बसायचे. पुस्तक संपल्यावर मी विचारलं, “आबा, कसं वाटलं?” ते म्हणाले, “लिवलंय खरं. पर ते डोंगरातलं गाव हाय, पोरी. आमचं काळ्या रानातलं. आन् आमची गोष्ट तिथं संपली न्हाई.”

त्या शेवटच्या वाक्यानं माझं मत तयार व्हायला मदत झाली. ‘झाडाझडती’ विस्थापिताची फरफट दाखवते, सरकारी कागदाची निर्दयता दाखवते, आणि त्यात ती मराठीत अजोड आहे. पण उजनीच्या काठावर पुढं आणखी काही घडलं. ज्यांची थोडी जमीन पाण्याच्या वरच्या अंगाला राहिली, त्यांनी त्याच पाण्यात मोटारी टाकल्या, पाइपलाइनी केल्या, ऊस लावला. कंदर भागातली केळी परदेशी जाऊ लागली. आणि ज्यांचं सगळंच पाण्याखाली गेलं ते दूरच्या माळावर नव्यानं सुरुवात करत राहिले. एकाच पाण्यानं एका भावकीतल्या एकाला बुडवलं आणि दुसऱ्याला उभं केलं. ती कादंबरी अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. ‘झाडाझडती’त हे नाही म्हणून ती उणी ठरत नाही. मात्र इथल्या वाचकाला तिच्यात आपली अर्धीच गोष्ट सापडते, आणि उरलेली अर्धी मागण्याचा त्याला हक्क आहे.

त्याच ओघात कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. उठून गेलेल्या गावात मागं राहिलेल्या म्हशीसाठी माघारी निघालेला माणूस, एवढ्या धाग्यावर ती उभी आहे. इथं आकडे आणि कागद फारसे नाहीत. जनावर, माणूस आणि रान यांचं नातं आहे. भाषा सुरुवातीला कसोटी बघते, आणि पहिल्या काही पानांवर थांबलेले वाचक मला माहीत आहेत. त्यांना मी सांगते की मोठ्यानं वाचा. उच्चारल्यावर ती वाक्यं मोकळी होतात. गाव उठताना जनावरांचं काय केलं, हे मी त्यानंतर आबांना पहिल्यांदाच विचारलं, आणि ते बराच वेळ बोलले.

शेतीवरच्या पुस्तकांबद्दल माझ्यापेक्षा माझ्या गिऱ्हाइकांची मतं जास्त कामाची आहेत, म्हणून त्या टिपणांत तीही घेतली आहेत. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ विदर्भातली. शिकलेला, नोकरी न लागलेला एकनाथ, कंटाळलेली अलका, खचत चाललेलं घर. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि इतक्या वर्षांनंतरही आमच्या कोरडवाहू भागातला तरुण ती वाचून गप्प होतो. मला तिच्यात दुःखाची पुनरावृत्ती जाणवली, काही प्रसंग कमी चालले असते असं वाटलं. पण जिच्या घरी लग्नाचं वय उलटलेला, शेती करणारा मुलगा आहे, अशा एका बाईनं मला सांगितलं की यातला एकही प्रसंग जास्त नाही. तिचं मत मी माझ्या मताच्या शेजारी तसंच ठेवलं आहे.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ चं पुस्तक मी आतापर्यंत सगळ्यात जास्त लोकांना दिलं असेल. गुलामीत जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ होतो, १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून टस्कीगीला जातो आणि कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिकं घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतो. वाचणारे बहुतेक जण त्याच्या चिकाटीनं भारावतात. मी पुस्तक देताना जमिनीच्या प्रकरणाकडं बोट दाखवते, कारण उसावर ऊस घेऊन आणि भरमसाट पाणी देऊन चिबड होत चाललेली रानं कालव्याच्या भागात आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पुस्तकाविषयी माझं एक वेगळं मतही आहे. लेखिका कार्व्हरवर इतकं प्रेम करते की त्याच्या आयुष्यातले वाद, त्याच्यावर झालेली टीका यांना फार जागा उरत नाही. थोर माणूस वादांसकट भेटला तर तरुण वाचकाला जास्त जवळचा वाटेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. अलीकडच्या वाचनात ती असण्याचं कारण म्हणजे तिच्याकडं मी दर काही वर्षांनी परत जाते. राजाराम मास्तर, कारभारी, मेंढरं आणि शेवटी दुष्काळ. किती थोडक्यात किती सांगता येतं, याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला, त्या इथल्या वडीलधाऱ्यांना तिचा शेवट वाचून दाखवावा. ते जे बोलायला लागतात, ते ऐकून ठेवण्यासारखं असतं.

सगळ्यांच्या आवडीच्या पुस्तकांवर वेगळं मत देणं अवघड असतं. शिवाजी सावंतांची १९६७ ची ‘मृत्युंजय’ आमच्या भागात घराघरांत आहे. लग्नात भेट म्हणून दिली जाते, पारायणासारखी वाचली जाते. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण यांनी आपापल्या तोंडून कहाणी सांगण्याची रचना मला आजही भारी वाटते. हिणवल्या गेलेल्या कर्तबगार माणसाच्या बाजूनं ती उभी राहते, म्हणून लोकांच्या मनात तिला घर आहे, हेही मी समजू शकते. पण अलंकारांनी वाकलेली वाक्यं मला पुढं जाऊ देत नाहीत, आणि सगळी पात्रं जवळपास एकाच भाषेत बोलतात. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ च्या ‘कोसला’चं उलटं झालं. घरातल्या मोठ्यांना ती आगाऊ पोराची बडबड वाटते, आणि खेड्यातून पुण्यात शिकायला गेलेल्या मुलांना पांडुरंग सांगवीकर आपलाच खोलीवरचा दोस्त वाटतो. आईवडिलांनी ती वाचावी असं मी सुचवते. मुलगा फोनवर जे सांगत नाही, त्यातलं बरंच तिथं आहे.

एसटी स्टँडवर आणि जत्रेत खपणाऱ्या, यशाचा मार्ग सांगणाऱ्या भाषांतरित पुस्तकांवरही एक प्रकरण आहे. ती वाचून सकाळी लवकर उठायला लागलेली मुलं मी बघितली आहेत, तेवढा गुण नक्की आहे. पण त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या प्रकरणातलीच गोष्ट शेवटपर्यंत चालते. आणि कांद्याचा भाव पडल्यामुळं ज्याची फी थकली, त्या मुलाला ती पुस्तकं त्याच्या मनाची कमजोरी दाखवतात, बाजाराची नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी तसं स्पष्ट लिहिलं आहे.

राहिला सगळ्यात नाजूक भाग. तालुक्याच्या गावात लिहिणारी माणसं आपल्या शेजारीच राहतात. स्वखर्चानं कवितासंग्रह काढलेले मास्तर, आईवर पुस्तक लिहिलेला बँकेतला कारकून, दिवाळीनंतर येणारे कथासंग्रह. प्रकाशनाला शाल-श्रीफळ होतं, सगळे कौतुक करतात आणि संग्रह माझ्या काउंटरवर अभिप्रायासाठी येतो. कौतुक करून मोकळं होणं सोपं असतं, आणि त्यानं लिहिणाऱ्याचं नुकसानच होतं. यासाठी मी एक रीत ठरवून घेतली. पुस्तक पूर्ण वाचायचं. जे मनापासून आवडलं ते पानासकट सांगायचं. जे नाही जमलं ते आधी लेखकाला समोर बसून, एकट्याला सांगायचं. छापायचं ते त्यानं ऐकून घेतल्यानंतरच. अशा बोलण्यातून एका कवीनं अर्ध्या कविता काढून टाकल्या आणि उरलेला संग्रह खरोखर चांगला झाला. ज्यांनी ऐकून घ्यायला नकार दिला त्यांच्या पुस्तकांवरचं काही या संग्रहात नाही.

बाकी पथ्यं थोडी आहेत. पूर्ण न वाचलेल्या पुस्तकावर निकाल दिलेला नाही. कुठं थांबले आणि का थांबले, एवढंच सांगितलं आहे. कादंबऱ्यांचे शेवट शक्यतो उघड केलेले नाहीत. पुस्तकाला गुण किंवा तारे दिलेले नाहीत, कारण ‘बनगरवाडी’ आणि ‘एक होता कार्व्हर’ एका पट्टीनं कसं मोजायचं ते मला समजत नाही. त्याऐवजी प्रत्येक टिपणाच्या शेवटी हे पुस्तक कुणाला द्यावं, ते लिहिलं आहे.

हे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. तुम्ही वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचं टिपण आधी काढा आणि माझं मत तुमच्या मताशी लावून बघा. जिथं जुळणार नाही तिथं पानाच्या कडेला तुमचं मत लिहा, आणि ते कुठं बसून झालं तेही लिहा: गाव, वय, काम. मग पुस्तक पुढच्या माणसाला द्या. एकाच कादंबरीवर नेरल्याचं, जेऊरचं, धरणकाठचं आणि पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोराचं अशी चार मतं शेजारी शेजारी आली, तर कादंबरी काय आहे ते पाचव्या माणसाला माझ्या एकटीच्या टिपणापेक्षा कितीतरी नीट कळेल. आणि आबांनी मागितलेली उरलेली अर्धी गोष्ट कुणीतरी लिहायला घेईल, तेव्हा तिला तिचे वाचक इथं तयार मिळतील.

करमाळा